गुरुवारी सादळलेली वाळू

वैशाली ओव्हाळ काय करते असं आमच्या रिहे गावात कुणी विचारलं, की तिची आत्या आक्काबाई सांगायची, "कॉम्प्युटरात लोखंड वितळवती." ऐकणारा हसला, की पुढचा प्रश्न आक्काबाईचा असायचा. "आन तुजं पोरगं काय करतंय? कॉम्प्युटरात पत्तंच खेळतंय न्हवं?" मग हसणारा मुकाट आपल्या वाटेला लागायचा.

मी दामू. पिरंगुटच्या कारखान्यांच्या गेटवर कंत्राटी कामगारांच्या बाजूनं भांडण्यात माझी उमर गेली. शाळा सातवीत सुटली. कायदा भांडता भांडता शिकलो, आणि शिकलेल्या वकिलांना अधूनमधून शिकवतोही. त्यामुळं आमच्याच वस्तीतली पोरगी पुण्याच्या मोठ्या संस्थेत पदार्थविज्ञानाची पीएचडी करते आणि ती नेमकं काय करते हे मला कळत नाही, हे चालण्यासारखं नव्हतं. एकदा धरलं तिला. म्हटलं, "समजंल असं सांग. पण सोपं करायच्या नादात खोटं सांगू नको."

ती म्हणाली, "काका, वस्तीत बातमी कशी पसरते? प्रत्येक घर शेजारच्या घराला सांगतं. उष्णता तशीच पसरते. मी कॉम्प्युटरमध्ये साच्याचे आणि त्यात ओतलेल्या लोखंडाचे बारीक बारीक तुकडे पाडते. प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला विचारतो, तू किती तापलायस? त्यावरनं तो स्वतः किती निवणार ते ठरतं. असे लाखो तुकडे क्षणाक्षणाला एकमेकांना विचारत राहतात. शेवटी लोखंड कुठं आधी गोठलं, कुठं मागं राहिलं, कुठं आत भोक पडलं, ते खरं लोखंड ओतायच्या आधीच दिसतं."

"आन बातमी खोटी निगाली तर?"

"तर माझं चुकलं. म्हणून तर खरा तुकडा कापून बघायचा."

मला पटलं. पुढाऱ्यांची भाषणंही अशीच कापून बघायची सोय हवी होती.

आक्काबाई घोटावडे फाट्याजवळच्या एका फाउंड्रीत होती. तिथं बिडाचं लोखंड ओतून पंपाच्या बॉड्या बनतात. बॉडी आतून पोकळ असते, आणि ती पोकळ जागा राखायला साच्यात मधोमध वाळूचा कडक गाभा बसवावा लागतो. त्याला कोअर म्हणतात. वाळूत सिलिकेट नावाचं चिकट पाणी कालवायचं, पेटीत ठोकून भरायचं, वरून गॅस सोडायचा, की वाळू दगडासारखी होते. हे काम बायकांचं. पुरुषांनी केलं तर कडा ढासळतात, असं तिथले पुरुषच कबूल करतात. प्रत्येक बाई आपल्या कोअरवर बांगडीच्या काठानं खूण ओढायची. आक्काबाईच्या दोन आडव्या रेघा, सारजाबाईची फुली. लोखंड ओतल्यावर वाळू झडून जाते, पण खूण पंपाच्या आतल्या अंगाला उमटते, कायमची. कुठला माल कुणाच्या हातचा ते कळावं म्हणून कंपनीनं लावलेली पद्धत. बायकांना तिचा कोण अभिमान! आपण केलेला पंप कुठल्या तरी परक्या गावात पाणी उपसतोय आणि त्याच्या पोटात आपली रेघ आहे, हे आक्काबाई सगळ्यांना सांगायची.

त्याच खुणेनं घात केला. एका पावसाळ्यात पंपांच्या बॉड्यांत भोकं निघायला लागली. कंपनीनं फसलेला माल फोडला, खुणा वाचल्या आणि कोअरच्या बायकांना घरी बसवलं. वर गेटजवळच्या फलकावर कागद डकवला, 'कोअर विभागातील महिला कामगारांच्या निष्काळजीपणामुळे'.

कामावरून काढणं आमच्याकडं नवं नाही. पण आक्काबाई त्या एका शब्दाला अडली. "काढलं ते काढलं. निष्काळजी कुनाला म्हनला रं? ज्यानं लिवलं त्याच्या आयनं तरी येवढ्या काळजीनं पोर वाढिवलं आसंल का?" तिचं स्वतःचं मत असं, की कंपनीनं वाळू बदलली. "खाडीची वाळू हाय ती. खारट. म्यां चाखून बघितली." त्यात काही तथ्य नव्हतं. वाळू तीच होती.

गंमत अशी, की वैशालीला संशोधनासाठी फसलेल्या-चांगल्या मालाची सगळी माहिती याच फाउंड्रीनं दिली होती. संस्थेचा आणि कंपनीचा तसा करार होता. तिच्या प्रबंधाचे चार अध्याय झाले होते, पाचवा अडला होता. तिचा प्रोग्रॅम म्हणायचा, या बॉड्या चांगल्या निघायला हव्यात. कापलं की आत भोकं. सगळ्यांत नाही, काहींतच. तिचे गाईड कौस्तुभ सर हुशार माणूस. सुट्टीच्या दिवशी कोअर पडून राहून ओल धरत असतील, ही शंका पहिल्यांदा त्यांनाच आली. त्यांनी सुट्टीनंतरचा माल वेगळा काढायला लावला, म्हणजे सोमवारचा. सोमवारचा माल सगळ्यात चांगला निघाला. शंका मिटली. सर म्हणाले, "फसलेले तुकडे अपवाद म्हणून वगळ. हाताळणीतला दोष असेल, कंपनी म्हणतेय तसा. चार अध्याय पुरेसे आहेत."

वगळ म्हणणं सोपं होतं. वगळले ते सगळे आक्काबाईच्या आणि तिच्या सोबतिणींच्या माथी बसणार होते, आणि तेही आमच्या पोरीच्या सहीनं. वैशाली म्हणाली, "कारण सापडल्याशिवाय वगळणार नाही." सर म्हणाले, "नाही सापडलं तर?" ती म्हणाली, "तर प्रबंध देणार नाही." मी हे ऐकलं तेव्हा म्हटलं, बापरे, ही तर माझ्याहून डोक्यानं गरम आहे.

मग एका गुरुवारी ती घरी आली आणि आक्काबाईनं मलाही जेवायला बोलावलं.

इथं गुरुवारचं सांगायला हवं. पुण्याच्या बाजूच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेच्या वाटणीवरनं पडलेली जुनी पद्धत. त्यामुळं आमच्या वस्तीत मटण शिजतं ते गुरुवारी. वरच्या आळीला गुरुवारचे उपास, आणि वारा वस्तीकडून वरच्या आळीकडं वाहतो. जयसिंग, वरच्या आळीतला जुना जमीनदार, आता किराणा दुकान चालवतो. तो एकदा आक्काबाईला म्हणाला होता, "आक्के, येक दिस पुढं ढकल की. आमचा उपास मोडतोय वासानं." आक्काबाई म्हणाली, "सुट्टी पुढं ढकलाया लाव कंपनीला. मटन आपोआप ढकलंल."

तर काम गेलं तरी आक्काबाईनं गुरुवारीच मटण केलं होतं. मी चिडवलं, "आता कसला गुरुवार? रोजच सुट्टी तुला."

"नोकरी गेली, गुरुवार न्हाई गेला," ती म्हणाली आणि आदल्या दिवशी तळलेले पापड पुढं केले. मी एक घेतला तर तो मोडेना, वाकला.

"सादळले हायेत ग," मी म्हटलं.

"ऱ्हायलं झाकन लावायचं. पावसाळी हवा, येक दिस उगडं ऱ्हायलं की गेलं. खावा गुमान."

वैशालीचा हात ताटातच थांबला. ती पापडाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. म्हणाली, "काका, आज गुरुवार."

"म्हंजी? ते तर मगाधरनं चाललंय."

"फाउंड्री आज बंद आहे. बुधवारी केलेले कोअर आज उघड्यावर पडलेत. ते ओतणार उद्या. शुक्रवारी. आम्ही सोमवार बघत बसलो!"

संस्थेच्या भिंतीच्या आत रविवार रविवारीच असतो, त्यामुळं सरांच्या मनात दुसरं आलंच नाही. कंपनीच्या माहितीत गुरुवारचा रकाना रिकामा होता, पण प्रोग्रॅमनं रिकामा म्हणून तो परस्पर गाळून टाकला होता. आणि वैशाली? गुरुवारच्या मटणावर वाढलेली पोरगी, पण इतकी वर्षं वसतिगृहात राहून तिचाही रविवार झाला होता. त्याचा तिला सरांपेक्षा जास्त राग आला, स्वतःचा. अर्धं ताट टाकून उठली. आक्काबाई ओरडली, "आगं नळी तरी चोख!" पण ती तोवर लॅपटॉप उघडून बसली होती.

शुक्रवार वेगळा काढला. पावसाळ्यातली जवळजवळ सगळी भोकं शुक्रवारच्या मालात. पुढचे काही आठवडे ती प्रोग्रॅमला कोअरमधली ओल शिकवत होती. सादळलेल्या कोअरवर तापलेलं लोखंड पडलं की ओलीची वाफ होते, वाफेला बाहेर वाट मिळाली नाही तर ती लोखंडात घुसते, आणि लोखंड तिच्याभोवती गोठतं. ते झालं भोक. ओल घातल्यावर प्रोग्रॅमनं दाखवलेली भोकं आणि खऱ्या बॉड्यांतली भोकं एकमेकांवर बसायला लागली.

मी तो आलेख बघितला आणि म्हटलं, दे इकडं. मोठा फ्लेक्स छापतो, कंपनीच्या गेटसमोर लावतो. 'निष्काळजी कोण?' असं वर लाल अक्षरांत.

तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला. "नाही काका. अजून कच्चं आहे."

"कच्चं? बायका घरी बसल्यात आन तुजं कच्चं-पक्कं चाललंय?"

"आज तुम्ही फ्लेक्स लावणार. उद्या त्यांचा एक इंजिनिअर उठणार, एक प्रश्न विचारणार, आणि मला उत्तर येणार नाही. मग आत्यावरचा शब्द कायमचा चिकटला."

"आमी मोर्चे काय उत्तरं पाठ करून काढतो व्हय?"

"म्हणूनच हरता."

हे मला तोंडावर म्हणाली. माझ्या अंगणात, माझ्या बायकोसमोर. मी पुढं बरेच दिवस तिच्याशी बोललो नाही. आम्ही हरलो ते पैशाला आणि पोलिसांना हरलो, प्रश्नांना नाही, हे मी आजही म्हणतो. पण फ्लेक्स काही छापला नाही.

कौस्तुभ सर खूश झाले आणि घाबरले, दोन्ही एकदम. करारात अट होती, कंपनीच्या पत्राशिवाय कंपनीची माहिती छापायची नाही. त्यांनी पाचवा अध्याय कंपनीकडं पाठवला. पत्र आलं नाही. आले ते निषाद साहेब स्वतः.

निषाद साहेब म्हणजे फाउंड्रीचे क्वालिटी मॅनेजर. भूगावहून गाडीनं आले, गाडी वस्तीच्या तोंडाशी थांबली आणि पुढं चिखलातनं चालत आले, हातात मिठाईचा पुडा. मी आधीच आक्काबाईच्या घरी होतो. अबोला वैशालीशी होता, आक्काबाईच्या चहाशी नव्हता.

"मॅडम, अभिनंदन. फारच सुंदर काम," साहेब म्हणाले.

आक्काबाईनं चहाचा कप पुढं केला. "साहेब, वळखलं का? मी निष्काळजी."

साहेबांनी मिठाईचा पुडा खाली ठेवला. "तसं नसतं हो मावशी. तो ऑडिटचा विषय असतो."

"आसंल. च्या घ्या. काळजी घिऊनच केलाय."

साहेब वैशालीकडं वळले. "पाचवा चॅप्टर वगळा, पत्र लगेच देतो. आणि आम्ही सिम्युलेशनचा नवा विभाग काढतोय. तुमच्याशिवाय दुसरं कोण बघणार तो?"

"पाचव्यात चूक काय आहे, सर?"

"चूक असं नाही. पण आमचे कस्टमर वाचतात. कोअर आम्ही कुठं ठेवतो, कसे ठेवतो, जगाला कशाला सांगायचं?"

"म्हणजे बरोबर आहे."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"मग काय म्हटलं? हे सगळे ऐकतायत, एकदा नीट सांगा."

साहेबांचा आवाज बदलला. "मॅडम, माहिती कंपनीची आहे. आमच्या पत्राशिवाय त्यातला एक आकडा तुम्हाला वापरता येणार नाही. पाचवा चॅप्टर असाही जाणारच. तुम्ही हसत घालवता की रडत, एवढंच तुमच्या हातात आहे."

मी उठायच्या बेतात होतो. वैशालीनं माझ्याकडं न बघता हात आडवा केला. ती शांत होती, आणि ते लक्षण चांगलं नसतं, आमच्यात ते सगळ्यांना माहीत आहे. ती म्हणाली, "माहिती तुमची. न्या परत, एक आकडा ठेवत नाही. पण हवा कुणाची आहे, सर?"

"हवा?"

"रिह्याची. पावसाळी. ती वापरायला कुणाचं पत्र लागतं?"

साहेबांना कळलं नाही. मला कळलं, आणि आमचा अबोला तिथं संपला. मी पुडा उचलून साहेबांच्या हातात दिला. "ह्ये पन न्या. उगडा ठेवला तर सादळंल."

दुसऱ्या दिवशी ती सरांसमोर उभी राहिली. म्हणाली, कंपनीचा एक तुकडा नको. कोअर मी करून आणते, तुम्ही संस्थेची छोटी भट्टी द्या.  सर म्हणाले, "भट्टी एकदाच मिळेल. फसलं तर पाचवा अध्याय गेला, मग कंपनी म्हणते तेच खरं. कबूल?"

"कबूल."

"मग माझीही सही आहे." माणूस भित्रा होता, पण एकदा सही केल्यावर मागं हटला नाही. एवढं मी त्यांच्याबद्दल लिहिणारच.

घरी बसवलेल्या सगळ्या बायका आमच्या विहारात जमल्या. वाळू संस्थेनं दिली, सिलिकेट दिलं, गॅसची टाकीही दिली. फळ्या मी आणल्या. बाहेर पावसाची झड लागलेली, आणि विहारात ठोकाठोकी, हसणं, शिव्या. आक्काबाई मुकादम झाली होती. "सारजे, हात चालीव, तोंड मागनं!" प्रत्येकीनं सारखेच कोअर केले, प्रत्येकीनं बांगडीनं खूण ओढली. कंपनीनं ज्या खुणेनं त्यांना पकडलं, तीच खूण त्यांनी परत ओढली, जास्त खोल.

मग वैशालीनं प्रत्येकीचे कोअर दोन वाट्यांत घातले. निम्मे पापडाच्या पत्र्याच्या डब्यांत, झाकण घट्ट, वर चिकटपट्टी. निम्मे विहारात फळ्यांवर उघडे. हात तोच, वाळू तीच, फरक फक्त हवेचा. एक दिवस जाऊ दिला, गुरुवारसारखा. जयसिंगच्या दुकानातला वजनकाटा आणून तिनं उघड्यांतले दोन-तीन कोअर आधी आणि नंतर तोलले. जयसिंग स्वतः काटा घेऊन आला होता, वर म्हणाला, "दगडाला कसली वल चढती?" काट्यानं त्याला उत्तर दिलं. तो काट्यालाच दोन थापट्या मारून परत तोलायला लागला.

ओतायच्या आधी वैशालीनं प्रोग्रॅमचं उत्तर सरांना पाठवून ठेवलं. डब्यातले सगळे चांगले निघतील, उघडे सगळे फसतील, आणि भोक बरोबर इथं पडेल. आधी बोलायचं, मग कापायचं. असं छातीठोक बोलून मग तोंडघशी पडायला हिंमत लागते. मी तरी आजवर सगळं घडून गेल्यावरच सांगत आलो, की मला आधीच माहीत होतं.

कापलं. डब्यातले चांगले. उघडे फसलेले, आणि भोकं तिनं सांगितलेल्या जागी. एक सोडून. सारजाबाईच्या फुलीचा एक उघडा तुकडा आतून निखळ निघाला. भोक नाही की काही नाही.

मी म्हटलं, "तो एक बाजूला ठेव. कुणाला कळणार हाय?"

"मला."

"बाकी समदे बरोबर आलेत, पोरी! येका तुकड्यापायी बायकांचा घास घालवतीस?"

"वगळला तर निषाद साहेबात आणि माझ्यात काय फरक राहिला?"

आक्काबाईही माझ्या बाजूनं होती, बायकाही. ती एकटी आमच्या सगळ्यांविरुद्ध. तिनं तो तुकडा प्रबंधात घातला, फोटोसकट, आणि खाली लिहिलं, 'याचं कारण मला सापडलेलं नाही.' असं लिहून कुणाला पीएचडी मिळते का, मला सांगा.

पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा उघडी असते, कुणीही जाऊन बसू शकतं. हे मला कळलं, तेव्हाच मी ठरवलं. सगळ्या बायकांना टेम्पोनं घेऊन गेलो. निळ्या काठाच्या साड्या, केसात फुलं, संस्थेचा वॉचमन विचारतो, "लग्न आहे का?" आक्काबाई म्हणाली, "व्हय. लोखंडाचं."

टेबलावर कापलेले तुकडे मांडले होते, आतल्या खुणा वर करून. आक्काबाईनं लांबूनच आपल्या दोन रेघा ओळखल्या आणि मला कोपरानं ढोसलं. बाहेरून आलेल्या परीक्षक साधना मॅडम, पांढऱ्या केसांच्या, कडक. पुढच्या रांगेत निषाद साहेब. वैशाली बोलली, इंग्रजीत. मला निम्मं कळलं, पण आवाज एकदाही हलला नाही, तेवढं कळलं.

मग निषाद साहेब उभे राहिले आणि मराठीत बोलले. आम्हाला समजावं म्हणूनच.

"हा फुलीचा तुकडा. उघड्यावरच ठेवलेला, तरी चांगला निघाला. म्हणजे हात चांगला असेल तर हवा काही बिघडवत नाही. दोष हाताचाच. तुमचाच प्रयोग आमचं म्हणणं सिद्ध करतो, मॅडम."

मी तिला बजावलं होतं! त्या एका तुकड्यानं बाकीचे सगळे गिळले असते.

वैशाली म्हणाली, "याच हाताचा दुसरा उघडा तुकडा इथंच आहे, तो फसलाय. त्यामुळं हाताचा प्रश्न नाही. पण हा एक का वाचला, ते मला माहीत नाही. मी तसंच लिहिलंय."

"माहीत नाही, हे उत्तर आहे का?"

"खरं आहे, एवढं नक्की."

तेवढ्यात आमच्या रांगेतून बारीक आवाज आला. "म्यां बोलू का?"

सारजाबाई उभी होती. पदराचं टोक दोन्ही हातांनी पिळत. साधना मॅडम म्हणाल्या, "बोला ना."

"त्यो माजा कोअर फळीवर न्हवता. म्यां त्यो बुद्धाच्या पायाशी ठेवला हुता, बल्बाखाली. काम यशस्वी व्हावं म्हनून. सकाळी उचलून परत फळीवर ठेवला."

"कुठला बल्ब?"

"हाय आमच्या विहारात. जुना, पिवळा. कदी इजवत न्हाईत. हात लावला तर चटका बसतो."

आक्काबाई उठलीच. "आन इतकं म्हैनं तोंड शिवलं हुतं का ग तुजं?"

"समदे सारके ठेवा म्हनली हुती न्हवं वैशाली? सांगितलं आसतं तर तू मला कच्ची खाल्ली आसतीस!"

"आता शिजवून खाते, थांब!"

सभागृहात हशा उसळला, कौस्तुभ सर तर डोळे पुसायला लागले. साधना मॅडमनी हात वर केला. वैशालीला विचारलं, "बल्बाखालची ऊब धरली, तर तुमचा प्रोग्रॅम काय म्हणेल?"

हो म्हणायचा क्षण होता. आम्ही सगळे मनातल्या मनात ओरडत होतो, म्हण की, चांगला निघेल म्हणून! निषाद साहेबसुद्धा तिच्या तोंडाकडं बघत होते.

"आत्ता सांगणार नाही," वैशाली म्हणाली. "विहारात जाऊन बल्बाखाली मोजते, चालवून बघते, मग सांगते."

मॅडमनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, पाचवा अध्याय राहील. बल्बाचं एक पान त्यात वाढवा, मी वाचते, मग पदवी.

तिनं मोजलं, चालवलं. ऊब धरल्यावर प्रोग्रॅममध्येही भोक पडलं नाही. ते पान प्रबंधात आहे. सारजाबाईचं नाव आहे, बल्ब आहे, विहार आहे. संस्थेच्या ग्रंथालयात आहे, ज्याला शंका असेल त्यानं जाऊन बघावं.

पुढं फाउंड्रीनं कोअरच्या खोलीत गरम हवेची भट्टी बसवली. वर सांगितलं, ही आमची स्वतःची सुधारणा. फलकावरचा कागद एके दिवशी गुपचूप निघाला. ठेकेदार आक्काबाईकडं आला, चला कामाला. आक्काबाई म्हणाली, "कागद जसा लावला तसाच काडा. समद्यांच्या म्होरं. आन दुसरा लावा, चूक कंपनीची हुती म्हनून. मंग येते." अजून तो कागद लागलेला नाही, आणि अजून ती गेलेली नाही. बाकीच्या बायकाही नाहीत. लोक विचारतात, असं किती दिवस ताणणार? मी म्हणतो, तुम्हाला कशाला पंचाईत?

डॉक्टर झाल्यावर वैशालीनं निषाद साहेबांचा सिम्युलेशन विभाग काही घेतला नाही. संस्थेतच आहे, आणि छोट्या फाउंड्र्यांनी हाक मारली की जाते. दोन रेघांचा तो कापलेला तुकडा तिनं आत्याला दिला. आक्काबाईनं तो पापडाच्या डब्याच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलाय, रेघा वर करून.

मागं कंपनीचा माणूस आला होता. पाहुण्यांना दाखवायला ऑफिसच्या कपाटात तो तुकडा हवा होता त्यांना, काचेत ठेवायला. आक्काबाईनं त्याला दारातच थांबवलं.

"गुरुवारी ये," ती म्हणाली. "मटन खा, तुकडा बघ, आन जा."